लिडियाचा धोटा

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी वस्तू कधी हातात घेतली नसेल. दीड वीत लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता, मधे पोकळ असा मी लाकडाचा तुकडा आहे. पाहणाऱ्याला वाटते, ही कुणा मुलाची खेळण्यातली होडी. पण मी होडी नाही. मी कापड विणणाऱ्या मागावरचा धोटा आहे.

मागावर उभे धागे ताणून बसवतात, त्यांना ताणा म्हणतात. आडवा धागा म्हणजे बाणा. बाण्याच्या धाग्याची कांडी माझ्या पोटात ठेवली, की मी ताण्यामधून या टोकाकडून त्या टोकाकडे धावत सुटतो आणि माझ्यामागे धागा सोडत जातो. माझ्या प्रत्येक फेरीला कापड एका धाग्याने वाढते. एवढेच माझे काम. पण हे काम करताना मी ज्या माणसांजवळ राहिलो, त्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

सध्या माझा मुक्काम तोक्योमधल्या निशी-कसाई भागात, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर असतो. खिडकीतून तोझाई रेल्वेमार्गाच्या गाड्या जाताना दिसतात. घरात मराठी बोलतात. मी जन्माने अमेरिकेचा. तरुणपणी इंग्रजी ऐकली, नंतर पिढ्यान्‌पिढ्या जपानी ऐकली आणि म्हातारपणी मराठी शिकलो. तेव्हा बोलण्यात कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ईशान्य भागात झाला. एका सुताराने सफरचंदाच्या जुन्या झाडाचे लाकूड कापले, वाळवले, तासले आणि गुळगुळीत केले. ताण्याचा एकही धागा माझ्या अंगाला अडकू नये म्हणून तो मला पुन्हा पुन्हा गालावर फिरवून पाही. शेवटी त्याने माझ्या दोन्ही टोकांना लोखंडाची टोपणे बसवली आणि मला नदीकाठच्या एका कापूस गिरणीत पाठवले.

त्या वेळी तो सगळा देश बदलत होता. पूर्वी शेतकऱ्यांच्या घरोघरी हातमाग असत आणि बायका घरापुरते कापड विणत. आता नदीच्या पाण्यावर फिरणारी चाके शेकडो माग एकाच वेळी चालवू लागली होती. पश्चिमेकडे मोठा कालवा खोदला गेला होता आणि तिकडचे स्वस्त धान्य बोटीतून पूर्वेकडे येऊ लागले होते. डोंगरातल्या खडकाळ शेतांना त्या धान्याशी स्पर्धा जमेना. घरचे कापड विकले जाईना, घरचे धान्यही विकले जाईना. अशा घरांतल्या मुली गाठोडे बांधून गिरणीत येऊ लागल्या.

लिडिया त्यांच्यातलीच एक. ती गिरणीत आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती. उंच, शांत, थोडी वाकून चालणारी. पहिल्या दिवशी मागांच्या आवाजाने ती भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या मागावरची मुलगी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "घाबरू नकोस. काही दिवसांनी हा आवाज कानात कायमचा राहतो, मग ऐकू येत नाही."

मला तिच्या मागावर बसवले. माझ्या अंगाला एक बारीक भोक आहे. त्याला डोळा म्हणतात. नवी कांडी भरली, की धागा त्या डोळ्यातून बाहेर काढावा लागे, आणि त्यासाठी मुली डोळ्याला ओठ लावून श्वास आत ओढत. धागा सर्रकन बाहेर येई, पण त्याबरोबर कापसाची धूळही छातीत जाई. लिडिया दिवसभर असे करी. तिचा श्वास कसा चालला आहे, हे तिच्या आईच्याही आधी मला कळे. हिवाळ्यात तो घरघरू लागे.

तरीही लिडिया दुःखी नव्हती, हेही मला सांगितले पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे येत होते. संध्याकाळी मुली व्याख्यानांना जात, वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचत. डोंगरात जे शब्द तिने कधी ऐकले नव्हते, ते ती मागावर पुटपुटत असे आणि मी ऐकत असे.

गिरणीत माग दुरुस्त करणारा एझरा नावाचा तरुण होता. निवडणुकीच्या दिवशी तो नवा कोट घालून आला. पूर्वी त्या भागात ज्याच्या नावावर जमीन नसे, त्याला मत देता येत नसे. आता तो नियम सैल झाला होता.

"माझ्या बापाला कधी मत देता आलं नाही," एझरा माग पुसत म्हणाला. "मला जमीन नाही, तरी मी आज मत दिलं."

"जमीन मलाही नाही," लिडिया म्हणाली. "मग मी का नाही देऊ शकत?"

एझरा हसला. त्याला वाटले, ती गंमत करते आहे. लिडिया हसली नाही. तिने मला उचलून माझ्या डोळ्यातून धागा ओढला आणि माग सुरू केला.

कापसाच्या गाठी गाडीतून गिरणीत आणण्याचे काम जोसाया नावाचा एक काळा माणूस करी. तो दक्षिणेकडून आला होता. तिकडे काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत आणि विकत घेत. जोसाया कसाबसा सुटून उत्तरेकडे आला होता. एकदा माझे एक टोपण सैल झाले म्हणून लिडिया मला घेऊन अंगणातल्या लोहाराकडे निघाली होती. जोसाया गाठी उतरवत होता. वाटेत पडलेला कापसाचा पुंजका तिने उचलला आणि ती सहज म्हणाली, "किती पांढरा आहे."

"वेचणाऱ्या हातांचं रक्त त्याला लागत नाही, म्हणून पांढरा दिसतो," जोसाया म्हणाला. "बोंडाची टोकं बोटात घुसतात, बाई. माझी बहीण जॉर्जियात आहे. तिच्या बोटांना कायम जखमा असायच्या."

लिडियाने पुंजका परत गाडीत ठेवला. मग तिने विचारले, "ही गाठ तिच्या मळ्यावरची असेल?"

"असेलही. नसेलही. गाठीवर मालकाचं नाव असतं, वेचणाऱ्याचं नाही." त्याने कपाळ पुसले. "जिथे हा कापूस पिकतो ना, ती जमीनसुद्धा आधी दुसऱ्यांची, तिथल्या मूळ रहिवाशांची होती. त्या लोकांना सैनिक लावून हाकलून दिलं. आणि तुम्ही आत जे जाडंभरडं कापड विणता, ते बरंचसं परत तिकडेच जातं. गुलामांच्या अंगावर घालायला."

त्या दिवशी लिडिया मागावर परतली, पण तिचे हात मंदावले होते. मला कळत होते. इतके दिवस तिला वाटे, आपण आणि आपला माग, एवढेच जग. आता तिला कळले होते, की माझ्यामागून धावणारा तो धागा फार लांबून येतो आणि फार लांब जातो.

पुढच्या हिवाळ्यात गिरणीच्या दारावर सूचना लागली. बाजारात कापडाचा भाव उतरला आहे, सबब मुलींची मजुरी कमी करण्यात येत आहे. मुली दाराशी गोळा झाल्या. कुणी रडली, कुणी म्हणाली घरी परत जाऊ. लिडिया आत येऊन मागावर उभी राहिली आणि दुपारपर्यंत तिने काम केले.

मग तिने माग थांबवला. मी अर्ध्या वाटेवर, ताण्याच्या मधोमध होतो. तिने मला बाहेर काढले, धागा दातांनी तोडला आणि मला ॲप्रनच्या खिशात ठेवले. देखरेख करणारा माणूस धावत आला.

"माग का थांबवला?"

"मजुरी कमी केली, तर कापडही कमी निघेल," लिडिया म्हणाली. "पूर्वीची मजुरी मिळेल तेव्हा मी परत येईन."

"तू एकटी जा. बाकीच्या येणार नाहीत."

लिडिया दाराकडे चालू लागली. तिच्यामागे काही क्षण कुणीच निघाले नाही. मग एक माग थांबला. मग पलीकडचा. बघता बघता तो सगळा मजला शांत झाला. इतकी शांतता त्या इमारतीत दिवसा कधीच झाली नव्हती. एझरा हातात पाना घेऊन उभा होता. देखरेख करणाऱ्याने त्याला माग सुरू करायला सांगितले. एझरा म्हणाला, "माग सुरू करीन. पण विणणार कोण?"

मुली गावातून रांगेने चालत गेल्या. लोक खिडक्यांतून पाहत होते. मुलींनी असे करणे कुणाला ठाऊकच नव्हते.

मित्रांनो, मला तुम्हाला सांगायला आवडले असते, की त्या जिंकल्या. पण तसे झाले नाही. आठवडा गेला, बचत संपली, आणि बहुतेक मुली कमी मजुरीवर परत कामाला लागल्या. लिडियाला मात्र परत घेतले नाही. तिचे नाव आजूबाजूच्या गिरण्यांनाही कळवले गेले. ती मला गाठोड्यात घालून डोंगरातल्या आपल्या घरी परतली आणि गावच्या शाळेत शिकवू लागली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. काही वर्षांनी गिरण्यांमधल्या बायकांनी कामाचे तास कमी करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. मत नव्हते, पण अर्जावर नाव लिहिण्याचा हक्क होता. लिडिया बर्फातून घरोघर फिरून नावे गोळा करी. सरकारने पहिल्यांदा नाही म्हटले. दुसऱ्यांदाही नाही म्हटले. पुढे मात्र गिरण्यांना तास थोडे थोडे कमी करावेच लागले. दक्षिणेतली गुलामीही एका मोठ्या युद्धानंतर संपली. ती बातमी आली त्या दिवशी लिडियाने शाळेला सुट्टी दिली आणि ती एकटीच बराच वेळ ओसरीवर बसून राहिली. जोसायाची बहीण तोवर जिवंत होती की नाही, हे तिला कधीच कळले नाही.

लिडिया खूप म्हातारी होऊन गेली. जाण्याआधी तिने मला आपल्या भावाच्या नातीला दिले. तिचे नाव एस्थर. ती योकोहामाला मुलींच्या शाळेत शिकवायला निघाली होती. अशा रीतीने मी जहाजात बसून जपानला आलो. तेव्हाचे योकोहामा बंदर रेशमाच्या गाठींनी भरलेले असे आणि त्यांची खरेदी करायला लांबलांबचे व्यापारी येत. त्यांत हिंदुस्थानी व्यापारीही होते. एस्थर वर्गात मला हातात धरून लिडियाची गोष्ट सांगे. ज्या मुलींच्या बहिणी रेशमाच्या गिरणीत होत्या, त्या मान खाली घालून ऐकत.

एस्थर मायदेशी परतली तेव्हा तिने मला किकु नावाच्या आपल्या विद्यार्थिनीला दिले. त्यानंतरचे माझे आयुष्य भराभर गेले. मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, युद्ध झाले. किकु गेली, तिची मुले गेली. नातवंडांना मी काय आहे हे माहीत नव्हते. कुणी मला पेन्सिली ठेवायला वापरले, कुणी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली सारले. मग एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मी कित्येक वर्षे अंधारात पडून होतो. अंगाला ऊन लागत नव्हते, हाताचा स्पर्श नव्हता. माझ्या लाकडाला एक बारीक चीर गेली. मला वाटले, आता संपले.

शेवटी घर रिकामे करताना ते खोके योकोहामातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. तिथे एका रविवारी एक मुलगी माझ्यासमोर थांबली.

"मामा, कोरे नानी?" तिने जपानीत विचारले. आई, हे काय आहे, असे तिला म्हणायचे होते.

तिची आई मागे वळली, आणि मला पाहून जागच्या जागी उभी राहिली. "हा धोटा," ती म्हणाली. "अगं मिताली, हा धोटा आहे. आमच्या घराच्या खालीच माग होते. मी याच्या आवाजात अभ्यास केलाय."

तिचे नाव मंजुषा. ती इचलकरंजीची. लहानपणी यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली ही मुलगी पुढे धाग्यांचाच अभ्यास करत मोठी झाली आणि आता तोक्योतल्या एका संशोधन संस्थेत नव्या तऱ्हेचे मजबूत तंतू तयार करण्याचे काम करत होती. दुकानातल्या बाईंना माझ्याविषयी एवढेच माहीत होते, की मी अमेरिकेतून आलो आणि एका शिक्षिकेचा होतो.

घरी आल्यावर मंजुषाच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, मला उलटसुलट करून पाहिले. तो एका आयटी कंपनीत होता. "याला कधी टाकायचं ठरलं तर पंचाईत आहे," तो म्हणाला. "लाकूड जळाऊ कचऱ्यात, लोखंड न जळणाऱ्या कचऱ्यात. आधी मोडावा लागेल."

"टाकायचा नाहीच आहे," मंजुषा म्हणाली. तिने मला तेल लावले, चिरेत डिंक भरला आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेऊन आपल्या टेबलावर ठेवले.

तिथे माझी ओळख हायाशी-सान यांच्याशी झाली. जपानीत नावापुढे आदराने सान लावतात. त्या प्रयोगशाळेतली यंत्रे सांभाळत. मंजुषापेक्षा वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. जेवणाच्या सुट्टीत दोघी टेबलाशी डबा उघडत. मंजुषा इचलकरंजीच्या मागांविषयी सांगे आणि हायाशी-सान आपल्या आजीच्या रेशमाच्या किड्यांविषयी. मला बरे वाटे. कितीतरी वर्षांनी माझ्याभोवती धाग्याचे बोलणे होत होते.

हेमंतात एके दिवशी दोघींनी डबे उघडलेच नाहीत. संस्थेकडून पत्र आले होते. मंजुषा, हायाशी-सान आणि आणखी बऱ्याच जणांचे करार मार्चनंतर पुढे चालू राहणार नव्हते. जपानमध्ये असा कायदा आहे, की करारावर ठरावीक वर्षे काम केलेल्या माणसाला कायम नोकरी मागता येते. ती वर्षे पुरी व्हायच्या आतच इथे करार संपवले जात होते.

"माझं काम वाईट होतं असं कुणी म्हटलं असतं, तर समजलं असतं," हायाशी-सान हळू आवाजात म्हणाल्या. "काम चांगलं आहे, म्हणूनच इतकी वर्षं ठेवलं. आणि इतकी वर्षं ठेवलं, म्हणून आता जा म्हणतात."

ज्यांना पत्र आले होते त्यांनी एकत्र येऊन संस्थेला एक अर्ज द्यायचे ठरवले. त्याला पाठिंबा म्हणून फाटकाशी टेबल मांडून सह्या गोळा करायच्या होत्या. मंजुषाने मजकूर लिहायला मदत केली, इंग्रजी करून दिले. पण स्वतःची सही केली नाही.

रविवारी सकाळी घरी पोहे खाताना तो विषय निघाला. आदल्या दिवशी ती मला घरी घेऊन आली होती, म्हणून मी तिथेच होतो.

"माझा प्रोजेक्टही मार्चपर्यंतच आहे," शैलेंद्र म्हणाला. "दुसऱ्या एखाद्या लॅबमध्ये तुला घेतलं तर आपण इथे राहतो. पण तुझं नाव त्या कागदावर गेलं आणि लोकांनी म्हटलं, ही बाई कटकट करते, मग? व्हिसा आहे, मितालीची शाळा आहे. मी तुला नको म्हणत नाहीये. मला भीती वाटते, एवढंच."

"मलाही वाटते," मंजुषा म्हणाली. "म्हणून तर सही केली नाही."

मितालीने ताटलीतून मान वर केली. "हायाशी-सानने केली?"

"हो."

"मग तू नांदे नाही केली?" तिने विचारले. जपानीत नांदे म्हणजे का. मराठी बोलताना तिचे असे होई.

मंजुषा उठून चहा गाळायला गेली. कुणी कुणावर रागावले नव्हते, पण पोहे गार झाले.

सोमवारी मंजुषाने मला परत बरोबर नेले. दुपारी फाटकाबाहेर एक घडीचे टेबल मांडले होते. त्या दिवशी वारा फार होता. गिंकोच्या झाडांची पिवळी पाने रस्त्याभर उडत होती आणि सह्यांचे कागद टेबलावर ठरत नव्हते. मंजुषाने पिशवीतून मला काढले आणि कागदांवर ठेवले. मित्रांनो, मी कितीतरी वर्षांत काही काम केले नव्हते. पण त्या दिवशी मी सगळे वजन टाकून बसलो.

लोक फाटकातून येत, टेबल पाहत, किंचित वाकून नमस्कार करत आणि पुढे जात. कुणी वाईट बोलले नाही. कुणी थांबलेही नाही. दुपारची सुट्टी सरत आली तरी कागदावर ज्यांना पत्र आले होते त्यांचीच नावे होती. ती सोडून एकही नाही.

मग फाटकावरचे वयस्कर पहारेकरी आले. हायाशी-सान घाबरून उठल्या.

"माफ करा," ते म्हणाले. "टेबलाचा हा पाय संस्थेच्या हद्दीत आहे. वरून फोन आला, तर मला ते उचलायला लावावं लागेल." असे म्हणून त्यांनी वाकून जमिनीवरची फरशीची रेघ पाहिली, टेबलाची एक बाजू स्वतः उचलली आणि टेबल थोडे रस्त्याकडे सरकवले. "आता हा सार्वजनिक रस्ता आहे. आता मला काही म्हणता येत नाही." त्यांनी टोपी नीट केली आणि ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

मंजुषा त्यांच्याकडे पाहत राहिली. हायाशी-सान तिला म्हणाल्या, "मंजुषा-सान, तुम्ही मजकूर लिहिलात, इथे उभ्या राहिलात, हे पुष्कळ आहे. सही केली नाही तरी आम्ही समजून घेऊ. तुमची अडचण वेगळी आहे."

"सगळ्यांचीच वेगळी आहे," मंजुषा म्हणाली.

तिने मला उचलले. तिने वरचा कागद ओढून घेतला आणि जपानी अक्षरांत आपले नाव लिहिले. मग त्याच्याखाली, जागा नव्हती तरी, देवनागरीत लिहिले. मंजुषा. मला परत कागदावर ठेवून तिने शैलेंद्रला फोन लावला.

"सही केली," ती म्हणाली.

पलीकडून शैलेंद्र काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. पण मंजुषाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. फोन ठेवल्यावर ती हायाशी-सानना म्हणाली, "उद्या तो ऑफिसमधून लवकर निघतोय. इथे उभा राहायला."

संस्थेच्या खानावळीतल्या दोन बायका ॲप्रन काढून घरी निघाल्या होत्या. त्यांतली एक थांबली. तिने देवनागरी अक्षरांकडे बोट दाखवून विचारले, "हे काय लिहिलं आहे?"

"माझं नाव," मंजुषा म्हणाली.

"छान दिसतं," ती बाई म्हणाली. मग तिने वरचा मजकूर वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. आणि पेन मागून घेतले. तिच्या मैत्रिणीनेही घेतले. त्यांच्यामागून एक तरुण संशोधक आला, ज्याची नोकरी कायम होती. दुसऱ्या दिवशी शैलेंद्र आला, शाळा सुटल्यावर मितालीही आली आणि वाऱ्याने उडालेली पाने टेबलावरून बाजूला करत राहिली. आठवडाभरात कागदांचा गठ्ठा इतका जाड झाला, की मला त्याच्यावर तोल सांभाळून बसावे लागे.

यानंतर बैठका झाल्या. थंडी वाढली. संस्थेने आधी नाही म्हटले. मग विचार करू म्हटले. फेब्रुवारीच्या शेवटी हायाशी-सान टेबलाशी आल्या आणि बोलण्याऐवजी त्यांनी एक कागद मंजुषासमोर ठेवला. त्यांना कायम केले होते. मंजुषाचा नवा करार दोन दिवसांनी आला, आणि त्यात शेवटची तारीख नव्हती. सगळ्यांचे मात्र असे झाले नाही. दोघे जण वाट पाहून आधीच दुसऱ्या शहरात निघून गेले होते. त्यांच्या रिकाम्या टेबलांकडे पाहून हायाशी-सानना आनंदातही भरून आले.

त्या संध्याकाळी मंजुषाने मितालीला बातमी सांगितली.

"म्हणजे मी पाचवीत इथेच?" मितालीने विचारले.

"इथेच."

मितालीने दप्तर कोपऱ्यात टाकले, आपली सगळी चित्रे भिंतीवर चिकटवायला घेतली आणि शैलेंद्रला म्हणाली, "बाबा, वर हात पुरत नाही. या."

मित्रांनो, आज मिताली मला हिगाशी-कसाईतल्या तुमच्या शनिवारच्या मराठी वर्गात घेऊन आली आहे, म्हणून हे सगळे सांगितले. मला एकमेकांच्या हातात द्या. पडलो तरी चालेल, मी मजबूत लाकडाचा आहे. जुन्या वस्तू नुसत्या काचेच्या कपाटात ठेवल्या, की त्या जपल्या जातात असे नाही. त्या वापरल्या, त्यांच्याविषयी विचारले, तर त्या जास्त टिकतात. माझी एवढी काळजी घेतलीत तरी मी समाधानी आहे.

पण माझी आणखी एक विनंती आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल. स्टेशनवर, शाळेच्या फाटकाशी किंवा रस्त्याच्या कडेला कुणीतरी टेबल मांडून, हातात कागद घेऊन उभे असलेले तुम्हाला दिसेल. तुम्हाला घाई असेल. तुमची गाडी सुटत असेल. सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण क्षणभर थांबा आणि त्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचा. उभे राहणाऱ्याला पहिला धीर त्यानेच येतो.